वाट पाहण्याचे मोल

फार पूर्वी चंद्रावती नगरीत राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. लोक त्याला सुमित्र श्रेष्ठी म्हणत.

त्याच नगरीत भद्रक नावाचा गवंडी राहत होता. पाथरवट, चुना मळणारे, दगड वाहणाऱ्या बाया असा मेळा जमवून त्याने राजासाठी पुष्करिणी बांधली. काम देखणे झाले. पण तिथली रीत अशी, की पुष्करिणी काठोकाठ भरावी, पाणी झिरपत नाही हे राजपुरुषाने पाहावे, मगच राजाच्या कोठारातून मजुरीचे तांदूळ मिळावेत. तोवर गवंड्याच्या हाती फक्त तेवढे तांदूळ येणे असल्याची मातीची शिक्कामुद्रा. आणि पावसाळा अजून लांब होता.

भद्रकाची कणगी रिकामी झाली. पाथरवटांचा म्होरक्या रोहक म्हणाला, "दादा, तुमच्यावर राग नाही. पण मुद्रा शिजवून पोरांना वाढता येत नाही. उद्या आम्ही दुसऱ्या गावी जातो."

हा मेळा एकदा पांगला की पुन्हा जमायचा नाही, हे भद्रक जाणून होता. तो मुद्रा घेऊन कालक नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला. कालक हसून म्हणाला, "मुद्रेच्या बदल्यात निम्मे तांदूळ देतो. नको असतील तर मुद्रा उशाशी घेऊन झोप!"

मग तो सुमित्राकडे आला. सुमित्राने आधी पुष्करिणी पाहिली, सांध्यांवरून नख ओढले, मुद्रा खरी आहे ना, हे राजपुरुषाला विचारून घेतले.

"मुद्रा मला दे," तो म्हणाला. "दर दहा गोण्यांतल्या आठ आज ने. नववी मी राजाचे तांदूळ आल्यावर देईन. उरलेली माझ्या वाट पाहण्याचे मोल."

"आणि पाऊसच नाही पडला तर?"

"काम कच्चे निघाले तर तुला विचारीन. पावसाचा जाब तुला कसा विचारू? वाट पाहणे आता माझ्याकडे आले."

चुली पेटल्या. पहिला घास घेत रोहक ओरडला, "दादा, मुद्रा शिजली की हो!" सगळे हसले. मेळा पांगला नाही. धर्मशाळेचे नवे काम सुरू झाले.

पण त्या वर्षी पावसाने ओढ दिली. पुष्करिणी अर्धीच भरली. कालक बाजारात भेटेल त्याला म्हणे, "सुमित्र श्रेष्ठींनी मातीचे खापर विकत घेतले!" सुमित्राने ऐकले, पण भद्रकाला निरोप धाडला नाही.

भद्रकाला मात्र घास गोड लागेना. त्याची बायको उत्पला म्हणाली, "त्यांनी विचारले नाही, म्हणून आपण गप्प बसायचे का?"

तेव्हा त्याला खाणीवरचा झरा आठवला. दगड काढताना फुटलेला तो झरा फुकट ओढ्याला जात होता. त्याने रोहकाला सांगितले.

"आधी नाही का बोलायचे?" रोहक म्हणाला आणि पहार घेऊन निघाला. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून झऱ्यापासून पुष्करिणीपर्यंत पाट खणला. थंडी सरता सरता पुष्करिणी काठोकाठ भरली. थेंबही झिरपला नाही. राजाचे कोठार उघडले.

सुमित्राने राखलेल्या गोण्या भद्रकापुढे ठेवल्या. भद्रकाने हात जोडले. "श्रेष्ठी, ह्याही तुम्हीच ठेवा."

"ह्या तुझ्या. माझ्या वाट्याच्या मात्र मी घेणार. त्या कोठीत राहिल्या, तर उद्या दाराशी येणाऱ्या गवंड्याला द्यायला माझ्याकडे काही असेल."

श्रेष्ठीच्या वाट्याच्या गोण्या भद्रकाने एकेक करून आपल्या पाठीवरून कोठीत नेऊन रचल्या.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहाराच्या नव्या ओल्या भिंतीपाशी बसलेल्या वृद्ध गवंड्याकडे वळले. "उपासका, तो भद्रक तू होतास. उत्पला ही तुझी गृहिणी. रोहकाचा मेळा म्हणजे आज या भिंतीवर पाणी शिंपणारे तुझे सोबती. कालक व्यापारीही इथेच आहे; आज तो या भिंतीसाठी चुना देतो. आणि सुमित्र श्रेष्ठी मीच होतो. त्याच्या वाट पाहण्याला क्षांती, म्हणजे धीर, म्हणतात. तुला झऱ्यापर्यंत नेले ती कृतज्ञता."