ओढ्यापलीकडचा कोंबडा

महानगर अजून दूर होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या वेशीबाहेर मीठपाडा आणि शेवरवाडी अशा दोन शेजारच्या वस्त्या होत्या. मध्ये फक्त एक ओढा. मीठपाड्याचा कोंबडा तुरेबा आणि शेवरवाडीचा कवड्या यांच्यात रोज पहाटे चुरस लागायची, आधी कोण आरवतो याची.

"तुझी वाडी अजून घोरतेय रे!" तुरेबा चिडवायचा.

"उद्या तुझ्या पाड्याला मीच उठवतो, बघ!" कवड्या हसत म्हणायचा.

पुढे महानगर पसरत आलं. उंच इमारती बांधायच्या म्हणून शेवरवाडी उठवली. माणसं सामान घेऊन निघाली, त्यांच्याबरोबर डालग्यात कोंबलेला कवड्याही. जाताना तो आतूनच ओरडला, "तुरेबा, उद्या माझी वाट बघू नकोस रे!"

दुसऱ्या पहाटे तुरेबा आरवला. ओढ्यापलीकडून उत्तर आलं नाही.

"आता रोज तुम्हीच पहिले," त्याची कोंबडी कौतुकाने म्हणाली.

"पहिला? कुणाच्या आधी?" तुरेबाने विचारलं.

त्यानंतर तो अंधारातच उठायचा, पलीकडे कान लावून गप्प बसायचा आणि ऊन अंगावर आल्यावर कसाबसा आरवायचा. मीठपाड्यातली माणसं म्हणू लागली, "कोंबडा म्हातारा झाला."