निनाव्या सुळक्यावर गोजरा

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता, आणि राज्याच्या उत्तरेला एक सुळका होता, ज्याला नाव नव्हते. नाव ठेवायला कुणी वर जाऊन परत यावे लागते, आणि तसा कुणी आलाच नव्हता. राजाच्या ग्रंथशाळेत नद्यांच्या पोथ्या होत्या, अरण्यांच्या होत्या. सुळक्याच्या पोथीत मात्र एकच ओळ होती : 'येथून पुढे ठाऊक नाही.'

सुळक्याच्या माथ्यावर कालजंघ मांत्रिकाने मरताना आपला रत्नांचा हंडा ठेवला होता आणि वर एक शाप सोडला होता. जो वर जाई, त्याचा दगड होई. हंडा खाली आणला की दगड पुन्हा माणसे होतील, असे दरबारचे ज्योतिषी सांगत. ते आयुष्यात वाड्याचा जिना सोडून काही चढले नव्हते, पण सांगायला काय जाते! म्हणून दर वर्षी तबकात विडा ठेवला जाई. विडा उचलला की माघार नाही, ही तिथली रीत. हंड्यावाचून परतणाऱ्याच्या हाती बांगड्या भरून गाढवावरून धिंड काढायची, असा दंडक होता. धिंडीचे गाढव बारा वर्षे नुसते खाऊन माजले होते.

बारा वर्षांपूर्वी पहिला विडा राजाच्या एकुलत्या मुलाने उचलला होता. गेल्या वर्षी केरोबाने उचलला. हा केरोबा कड्यावरची पोळी उतरवून मध विकणारा, गोजराचा नवरा. वर्षभर वाट पाहून गोजरा दरबारात आली आणि तिने विडा उचलला.

"बाई, रिकामी परतलीस तर हाती बांगड्या भराव्या लागतील," राजा म्हणाला.

"त्या आहेतच, महाराज."

दरबार खो खो हसला. राजाने डोळे वटारले तेव्हा कुठे गप्प झाला.

उजाडताच गोजरा पदरात भाकरी बांधून एकटीच निघाली. सुळक्याच्या पायथ्याला एक म्हातारे गिधाड बसले होते.

"कुठे?" गिधाडाने विचारले.

"वर. माझा माणूस आणायला."

"जा. बारा वर्षे उपाशी आहे मी. वर जाणाऱ्यांचे दगड होतात आणि दगडाला चोच लागत नाही. शाप मोडलास तर माणसे निदान रीतीने पडतील तरी."

"आजोबा, वाट सांगा."

"आधी घसारा, तो घाई करवतो. मग कातळ, तो भुलवतो. शेवटी धार. तिचे मला ठाऊक नाही. तिथून परतलेला कुणी भेटला नाही."

घसाऱ्याचे सुटे, निसरते दगड बोलत होते. "पळ, बाई, पळ, नाहीतर खाली जाशील!" गोजरा पळाली नाही. हातापायांवर वाकून, मातीत रुतलेला दगड निवडत ती हळूहळू चढली. तिची चाल पाहून दगडांनाच कंटाळा आला आणि ते गप्प झाले.

कातळावर सोन्याच्या खोबण्या होत्या, हाताच्या मापाच्या, अगदी बोलावणाऱ्या. पण मधकऱ्यांची रीत अशी, की ज्यावर भार टाकायचा त्यावर आधी बोटाच्या पेराने ठोकायचे. गोजराने ठोकले. सोने ढब वाजले, म्हणजे आतून पोकळ. शेजारच्या काळ्या फटीवर ठोकले, ती टक वाजली. तिने फटीत मुठी रोवल्या. प्रत्येक टप्पा चढला की परतता येते ना, हे ती एकदा उतरून बघे आणि मगच पुढे जाई. अशाने वेळ दुप्पट लागला, गुडघे सोलवटले, पण कातळ संपला.

मग धार आली, हातभर रुंद, दोन्ही अंगांना दरी. गोजरा तिच्यावर मांड टाकून सरकू लागली. वाटेत दगडाची माणसे होती, आणि शेवटी, माथ्याच्या अगदी खाली, केरोबा होता. एक हात वर, एक पाय अर्धवट उचललेला, मिशीवर शेवाळ. तिने गालाला हात लावला. गाल गार होता. गोजराला रडू फुटले.

तीन हात वर हंडा झळकत होता. तिने पाय उचलला, वर टेकवला, आणि रीतीप्रमाणे परत खाली आणून पाहिला. खालची पायरी पायाला लागेना. डाव्या पायाने पाहिले, उजव्याने पाहिले, पोटावर पालथी होऊन पाहिले. माथ्यावर जाता येत होते, पण तिथून परतता आले नसते. हंडा मिळाला नाही तर केरोबाही नाही, एवढे तिला कळत होते.

मग तिने डोळे पुसले. "धनी, इथून नाही जमत. मी उतरते. दुसरी बाजू शोधून पुन्हा येईन." आणि तिने माथ्याकडे पाठ फिरवली.

तोच मागे कुणी शिंकले.

"गोजरे," केरोबा म्हणाला, "मलाही इथून परतायचं होतं गं. पण विडा आठवला, लाज वाटली, आणि पाय जड झाले ते झालेच."

कालजंघाने शाप हंड्याला जोडलाच नव्हता, तो त्या लाजेला जोडला होता. एकीने आपखुशीने पाठ फिरवली आणि तो मोडला. धारेवरचे सारे दगड आळोखेपिळोखे देऊ लागले.

उतरताना गोजरा पुढे, बाकीचे मागे. कातळावर केरोबाच्या पायाला फट सापडेना, तेव्हा तिने खालून त्याची टाच धरली.

"डावा खाली घ्या. अजून जरा. अजून. टेकला?"

"टेकला!" केरोबा ओरडला, आणि वरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सुळक्यावरून माणसे उतरताना दिसली म्हणून पायथ्याशी राजा आला होता. मुलाला पाहताच त्याने त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. हंड्याचे विचारायचे राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी दरबारात नवा दंडक झाला, की परतून येणाऱ्याचे स्वागत राजाने स्वतः वेशीवर जाऊन करावे.

केरोबा मात्र मातीत फतकल मारून बसला होता. एक तळवा जमिनीवर टेकवून तो हसत होता, रडत होता, आणि गोजराच्या हातची शिळी भाकरी खात होता. जसे ते उतरले, तसे वर गेलेले सारे सुखरूप खाली येवोत.