चौतालाच्या वर्गात धमार

"मग लावू ना तुमचं नाव, बुवा?"

अच्युतने पुन्हा विचारलं. मघाशी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं.

श्रीपतबुवा मठाच्या ओसरीवर बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होते. कणीक फार ओली झाली की आवाज बसतो आणि कोरडी राहिली की सुटून येते. बुवांचं सगळं लक्ष तिकडे.

"कुठे लावणार म्हणालास?"

"चॅनेलवर. फोनवर माझं जे आहे ना, तिथे सगळ्यात वर. 'श्रीपतबुवांचे शिष्य' एवढंच."

"हं…"

आता हा अच्युत काही उडाणटप्पू मुलगा नव्हे. याच ओसरीवर शिकला, मेहनतही भरपूर केली. हात गोड. फक्त आपला हात गोड आहे हे त्याला जरा लवकर कळलं, तिथेच काय ती गोम. शहरातल्या एका संगीत विद्यालयात तो नुकताच शिक्षक म्हणून लागला होता. तिथल्या जुन्या मंडळींनी फोनवरचा वर्ग त्याच्या गळ्यात मारला. तुम्ही तरुण, तुम्हाला जमेल, म्हणाले. आणि जमलं की! पहिले काही दिवस कुठलं बटण कशाचं हे शोधण्यात गेले. मग गडी सरावला. रील टाकू लागला, लोक बघू लागले, वर्ग भरू लागला.

आणि मग लोक खाली लिहून विचारू लागले, सर, आपले गुरू कोण?

इथे घोडं अडलं. बुवांच्या घराण्याची रीत अशी, की शिकवायला बसणाऱ्याने गुरूचं नाव आपल्या मनाने सांगायचं नाही. गुरूसमोर येऊन विचारायचं. गुरू 'लाव' म्हणाले तर लावायचं, नाहीतर आयुष्यभर बिननावाचं वाजवायचं. बिननावाचे राहिलेले दोघंतिघं अच्युतला माहीत होते. त्यांच्याकडे पुढे कुणी शिकायला फिरकलं नाही, तेही माहीत होतं. म्हणून तर तो रजा टाकून आला होता, आणि मनातून चांगलाच धास्तावला होता.

"किती जण शिकतात?" बुवांनी विचारलं.

"तीनशेच्या वर."

"एकदम?"

"एकदम."

"मला पाच जण समोर बसले की धाप लागायची."

ही शाबासकीच असणार, असं अच्युतने धरलं. तो सरसावून बसला.

"त्याला युक्ती आहे, बुवा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे माइक चालू ठेवले होते. कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाकडे कुत्रं. आणि प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो. नुसता गोंगाट. मग मी सगळ्यांना म्यूट केलं. एक बटण आहे. ते दाबलं की माझा आवाज त्यांना जातो, त्यांचा कुणाचाच येत नाही."

"मग ते काय वाजवतात ते तुला कळतं कसं?"

"दिसतं ना. हाताने ताल धरतात तो दिसतो. थोडा मागेपुढे दिसतो, पण तो नेटमुळे. ते आपण समजून घ्यायचं."

"समजून घ्यायचं…"

बुवांनी कणकेचा हात धुतला. पंच्याला पुसला.

"आज वर्ग आहे?"

"पाच वाजता. इथूनच घेणार आहे."

"मला बसव त्यात."

अच्युत बघतच राहिला. "तुम्ही? माझ्या वर्गात?"

"का, जागा नाही?"

जागा नाही कशी! अच्युतचे पाय जमिनीवर राहिनात. बुवांच्या फोनवर त्याने सगळं जोडून दिलं. बुवा देवघरामागच्या खोलीत जाऊन बसले. तांब्याला फोन टेकवला आणि दार लोटून घेतलं. अच्युतने ओसरीवर आपलं बस्तान मांडलं, कानाला हेडफोन लावले आणि वर्ग सुरू केला.

त्या दिवशी चौताल होता. बारा मात्रांचा ताल. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. सगळ्यांनी फिरून तिथे एकत्र यायचं.

"आज आपल्यात कोण बसलंय बघा," अच्युत म्हणाला. "प्रत्यक्ष माझे… प्रत्यक्ष श्रीपतबुवा."

पडद्यावर लाल बदामांच्या चित्रांचा पाऊस पडला. कुणी हात जोडले, कुणी 'धन्य झालो' लिहिलं.

अच्युतने बोल म्हणायला सुरुवात केली. धा धा दिं ता, किट धा दिं ता… तीनशे हात हलू लागले. एका चौकोनात बुवांची मान खाली होती आणि हात मांडीवर संथ पडत होता. ते बघून अच्युतचा ऊर भरून आला. ज्यांच्यासमोर आपण घाबरत घाबरत वाजवलं ते आज आपल्या तालावर हात देत होते.

"बुवांचा हात बघा सगळ्यांनी," तो म्हणाला. "ताल धरायचा तो असा."

त्याने बुवांचा चौकोन मोठा करून सगळ्यांना दाखवला. पुन्हा बदाम.

मध्येच खाली एका मुलीने लिहिलं, 'सर, बुवांची सम वेगळीकडे येते आहे.'

"नेट हळू आहे," अच्युत म्हणाला, आणि पुढे गेला.

वर्ग संपला. हेडफोन काढून तो आत डोकावला तर खोली रिकामी. बुवा मागच्या दाराने येऊन केव्हाच ओसरीच्या टोकाला पखवाजापाशी बसले होते.

"कसं वाटलं, बुवा?"

"आवाज स्वच्छ आहे तुझा. सांगतोसही नीट."

अच्युत खूश झाला.

"आणि मी कसा होतो?"

"तुम्हाला मी काय सांगायचं…"

"सांग की. तासभर शिकलोय तुझ्याकडे."

"उत्तम होतात. ताल पक्का."

"हं…"

बुवांनी पंचा खांद्यावर टाकला.

"ती मुलगी कोण?"

"कुठली?"

"तू जिला नेट हळू आहे म्हणालास."

अच्युतने आठवून बघितलं. नाव काही आठवेना. तीनशे जणांत कुणाकुणाची नावं लक्षात ठेवायची?

बुवांनी मांडीवर हात टाकला. मघासारखाच, संथ. या वेळी बोलही म्हटले, हलक्या आवाजात.

"क धि ट धि ट धा ऽ… ग ति ट ति ट ता ऽ…"

अच्युतने सवयीने मोजलं. बारावर सम यायला हवी होती. आली नाही. चौदा झाले तेव्हा आली.

हा चौदा मात्रांचा धमार होता. तासभर बुवा चौतालाच्या वर्गात धमार धरून बसले होते, आणि याने तो मोठा करून तीनशे जणांना दाखवला होता.

अच्युतचे कान तापले. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग रागही आला.

"परीक्षाच घ्यायची होती तर आधी सांगायचं, बुवा. मी बघितलं असतं नीट."

"बघितलं असतंस… माझ्याकडे."

बुवांनी पखवाज मांडीवर घेतला, डाव्या तोंडावर थाप मारून बघितली आणि चिमटीएवढी कणीक काढून टाकली. पुन्हा थाप मारली. अच्युत खाली मान घालून बसला होता. ते बिननावाचे दोघंतिघं त्याच्या डोळ्यांसमोर आले.

शेवटी तोच उठला. वाकून नमस्कार केला.

"येतो मी. नाव लावत नाही."

"असं कोण म्हणालं? लाव की."

अच्युत थबकला. आपण नीट ऐकलं की नाही, अशी त्याला शंका आली.

"खरंच लावू?"

"लाव. आणि मीही तुझं लावतो. उद्या देवापुढे चौतालात असाच धमार वाजवतो, आणि कुणी विचारलं, बुवा, हे कुठे शिकलात, तर सांगतो… अच्युतरावांकडे."