रस्त्यापलीकडची अक्का

एकदा एका वाढत्या शहरात, वाहतुकीची आखणी करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने सर्वांत तुंबलेल्या रस्त्याचा कायापालट केला. रस्त्याच्या मधोमध उंच लोखंडी कठडा बसवला, मधली सगळी वळणे बंद केली आणि गाड्या सुसाट धावू लागल्या. शहरभर त्याचे नाव झाले. पण त्याला शाबासकी हवी होती ती एकाच माणसाची. ज्यांच्या हाताखाली तो हे शास्त्र शिकला, ते वृद्ध गुरुजी त्याच रस्त्यावर राहत होते. मोठ्या हौसेने तो पेढे घेऊन त्यांच्याकडे गेला.

गुरुजींनी पुडा घेतला, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल, आधी अक्काला देऊन येऊ. रिक्षा थांबव."

अक्का म्हणजे गुरुजींची थोरली बहीण. तिचे घर रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर! शिष्याला हसूच आले. "सर, समोर जायला रिक्षा?"

"बस तर खरा."

रिक्षा पार उड्डाणपुलापर्यंत गेली, तिथे वळली, सिग्नलला रखडली आणि केव्हातरी अक्काच्या दाराशी टेकली. आत बोचकी बांधून ठेवलेली होती.

"आज कशी रे वाट चुकलास?" अक्का म्हणाली. मग शिष्याकडे वळून सांगू लागली, "लेकीकडे निघालेय बाबा, कायमची. पूर्वी रोज दुपारी याच्याकडे चहाला जायची. आता हा तिथून हात हलवतो, मी इथून. तेवढ्यासाठी का एकटीनं राहायचं?"

शिष्याचा चेहरा उतरला. "अक्का, उद्याच कठड्यात वाट करून देतो. नका ना जाऊ!"

"आता नको रे. लेकीनं खोली रिकामी करून ठेवलीय. हे थकलेले पाय आता कुठं कुठं पुरणार?"

दारातल्या पायऱ्या उतरताना गुरुजी थांबले. "रस्त्यावरून किती जातात, ते तू चोख मोजलंस. रस्ता ओलांडून कोण कुणाकडे जातं, हे मात्र विचारलं नाहीस. रस्त्याला लांबी असते तशी रुंदीही असते, बाबा. लांबीनं जाणाऱ्याचा वेळ तू वाचवलास. तो कुणाच्या पदरातून काढलास, ते आज पाहिलंस."

"सर, तेव्हाच का नाही बोललात?"

"स्वतःच्या बहिणीसाठी रदबदली केल्यासारखं वाटेल, म्हणून गप्प बसलो. चुकलंच माझं."



त्यानंतर नव्या रस्त्याची रेघ ओढण्याआधी तो शिष्य दोन्ही बाजूंची दारे वाजवू लागला. त्या कठड्यातही वाट झाली, पांढरे पट्टे आले, पायी जाणाऱ्यांसाठी दिवा आला. लोक त्याला दुवा देतात. गुरुजींना मात्र पलीकडे जायला आता काही कामच उरलेले नाही.