गुलाबावरचं फुलपाखरू

“म्हणजे... तुम्हाला काहीच दिसत नाही, आबा?”

“उजेड तेवढा कळतो. तू आलास हे पावलांवरून कळलं.”

सदोबाच्या काखेतलं चित्रांचं बाड तसंच राहिलं.

सदोबा पोरवयापासून या आबांच्या, कुशाबा चिताऱ्यांच्या, हाताखाली होता. त्यांच्याकडेच तो रंग खलायला शिकला, कुंचला धरायला शिकला. मिसरूड फुटलं तशी त्याला घाई झाली. एका पहाटे न सांगता तो मुंबईच्या गलबतात बसला. तिथं एका गोऱ्या साहेबाला या मुलखातल्या किड्या-पाखरांची चित्रं करून हवी होती. सदोबाचा हात असा काही चालला, की त्याची चित्रं जहाजातून विलायतेला गेली. मोठमोठ्यांनी ती वाखाणली.

पण चित्र पुरं झालं की दर वेळी त्याला एकच वाटे. आबांनी यावर एकदा वाकावं. नुसतं ‘हं’ म्हणावं.

तेवढ्यासाठी तो आला होता.

“सांग तरी, काय काढलंस?” आबा म्हणाले.

सदोबानं वरचा कागद उचलला. आवाजात नकळत ऐट आली. “केशरी फुलपाखरू. पंखांच्या कडा काळ्या, त्यात पांढरे ठिपके. साहेबानं भिंगातून पाहिलं आणि तोंडात बोट घातलं.”

“बसलंय कशावर?”

“गुलाबावर.”

“गुलाबावर बसलेलं पाहिलंस?”

“...नाही. साहेबाकडं टाचणीला टोचलेलं होतं. गुलाब मी मनानं घातला. शोभतो.”

आबा उठले. भिंत चाचपत परसात गेले. सदोबा मागोमाग गेला. कुंपणाला रुई माजली होती. आबांनी हातानं अंदाज घेत एक पान उलटं केलं. मग दुसरं.

“बघ, कुठं काही आहे का.”

सदोबा वाकला. पानाच्या मागच्या लवेत राजगिऱ्याच्या दाण्याएवढं अंडं चिकटलं होतं.

“आहे.”

“तुझ्या केशरीचंच असेल. अळी बाहेर आली की रुईच खाते. गुलाब दिलास तर उपाशी मरेल.”

सदोबा त्या दाण्याकडं बघत राहिला.

“आई परत येते, आबा? बघायला?”

“नाही. पान तेवढं पारखून जाते.”

“म्हणजे पोराला आई ठाऊक नाही. आणि पोर कसं निपजलं, ते आईला...”

तो आबांकडं वळला.

“सगळी चित्रं तुमच्यासाठी काढली हो. तुम्ही बघाल म्हणून.”

आबांचा हात चाचपडत त्याच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला.

“मग त्या मायलेकरांची भेट व्हायची कुठं, आबा?”

आबांनी उलटं धरलेलं पान अलगद सोडलं.

“पान आहे ना,” ते म्हणाले.