पानावरचा आडवा हात

कृतयुगाची सायंकाळ उतरली होती आणि त्रेतायुग अद्याप उंबरठ्याबाहेर उभे होते, त्या संधिकालातली ही कथा. धर्म तेव्हा चारही पायांवर उभा होता असे पौराणिक सांगतात. पण त्यातला एक पाय लंगडू लागला होता, हे तेही दबक्या आवाजात मान्य करतात. मृत्यूला त्या काळी घाई नव्हती, रोगांना अजून नावे पडली नव्हती, आणि घराघरात पणजोबाच्या मांडीवर पणतू खेळत होते. प्रजा वाढली होती, हे खरेच. पण वाढलेल्या प्रजेच्या माथी जे जे पाप मारण्यात आले, ते सगळे तिचे नव्हते, आणि हे सांगण्यासाठीच ही कथा सांगायची.

हिमवानाच्या पायथ्याशी शीतोदा नावाची पुण्यसलिला नदी वाहत असे. तिच्या तीरावर महर्षी मौंजायनांचा आश्रम होता. देवदार आणि बिल्ववृक्षांच्या छायेत वसलेला, होमधूमाने सुगंधित झालेला, जिथे मृगशावके यज्ञवेदीच्या दर्भांना तोंड लावत आणि ऋषी त्यांना नुसतेच रागावत, असा तो आश्रम. मौंजायन हे महातपस्वी. त्यांच्या तपाने प्रसन्न होऊन ब्रह्मदेवाने त्यांना एक विलक्षण वर दिला होता. आयुष्यात एकदाच ते ‘तथास्तु’ म्हणतील आणि तो शब्द त्रिभुवनात कोणालाही खोटा करता येणार नाही. त्या दिवसापासून महर्षी त्या शब्दाचा विनियोग कसा करावा याचे चिंतन करीत बसले होते. त्यांची धर्मपत्नी कपिंजला कधी म्हणे, पाऊस मागा. कधी म्हणे, तापाने फणफणलेल्या आश्रमातल्या पोरासाठी मागा. महर्षी म्हणत, विचार करून सांगतो. विचार करता करता त्यांची दाढी पांढरी झाली आणि पोरगे आपले आपण बरे होऊन गेले.

त्याच नदीच्या खालच्या अंगाला चक्रवर्ती विपुलाश्वाची हिरण्यवती नगरी होती. विपुलाश्वाने राज्याभिषेकाच्या वेळी एक प्रतिज्ञा केली होती की, समुद्रवलयांकित पृथ्वी हाती येईपर्यंत ‘पुरे’ हा किंवा त्या अर्थाचा कोणताही शब्द उच्चारणार नाही. राजा बोले, दल हाले. त्याच्या प्रासादात तो शब्दच अमंगळ ठरला. जेवताना राजा कधी ‘पुरे’ म्हणत नसे. त्याचा चेहरा पाहून पुरोहित शतधृती शंख फुंकी आणि वाढपी थांबत. राजाच्या जलक्रीडेसाठी शीतोदा अडवून सरोवर झाले, त्यात सोळा गावे बुडाली. हत्तींसाठी गजवन राखले गेले, त्यात गुरांची कुरणे गेली. अश्वमेधांमागून अश्वमेध झाले आणि तुपाचे पाट अग्नीत वाहिले. मग एके वर्षी कोठारांचे तळ दिसू लागले, आणि मंत्रिमंडळाने गहन विचार करून निष्कर्ष काढला की, तोंडे फार झाली आहेत. वड्याचे तेल वांग्यावर काढायची ही रीत मोठ्या घरांत फार जुनी आहे.

बुडालेल्या गावांतली माणसे वरच्या अंगाला सरकत सरकत मौंजायनांच्या आश्रमाच्या कुंपणाशी येऊन टेकली होती. झाडांच्या फांद्यांची खोपटी उभारून ती राहिली. नदीकाठचा नीवार, म्हणजे न पेरता उगवणारे देवभात, वेचून जगू लागली. त्यांत कुरंगी नावाची एक तरुण स्त्री होती. वाटेत तिचे पहिले मूल भुकेने गेले होते. त्याला पुरायला कोरडी जमीन मिळेपर्यंत तिने ते छातीशी धरून आणले होते. आता ती पुन्हा गर्भवती होती, दिवस भरत आले होते. कपिंजलेने तिला आपल्या पर्णकुटीत आणून ठेवले. कपिंजलेला स्वतःला मूल नव्हते आणि त्याचे दुःखही तिने कधी बोलून दाखवले नव्हते. पण कुरंगीच्या पोटावर तेल चोळताना तिला ओठ घट्ट मिटून घ्यावे लागत. हे मूल जगले पाहिजे, एवढे एकच तिने मनाशी धरले होते.

अशात एके दिवशी माध्यान्हकाळी विपुलाश्व पुरोहित शतधृतीला घेऊन आश्रमात आला. मुकुट आणि पादुका त्याने द्वाराशी उतरवल्या, महर्षींना साष्टांग दंडवत घातला, आणि हात जोडून उभा राहिला. कपिंजला स्वयंपाकाच्या कुटीत होती, कुरंगी उखळाशी बसून नीवार कांडत होती. मधली भिंत कुडाची. राजाचा मेघगंभीर स्वर दोघींना स्पष्ट ऐकू आला.

“भगवन्, पृथ्वी एक आहे आणि मुखे अगणित आहेत. ही अशीच वाढत राहिली तर उद्या धान्य नसेल, परवा पाणी नसेल, आणि तेरवा माणूस माणसाला खाईल. आपल्या एका शब्दात सामर्थ्य आहे. ज्या घरात वर्षाची बेगमी नाही, त्या घरात आजपासून पाळणा हलू नये. जे गर्भ अद्याप भूमीवर उतरले नाहीत, ते उतरू नयेत. मला स्वतःसाठी काहीही नको. मानवकुलाच्या भवितव्यासाठी मी याचक झालो आहे.”

उखळातले मुसळ थांबले. कुरंगीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती कपिंजलेकडे पाहत राहिली.

कपिंजलेच्या मस्तकाची शीर उठली. ज्याने गावे बुडवली, तोच बुडालेल्यांची मोजदाद करायला आला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण तिला खरा धक्का बसला तो आपल्या पतीच्या उत्तराने. महर्षी म्हणाले की, राजन्, तुमची चिंता अनाठायी नाही. झरे आटताना मीही पाहिले आहेत, दरवर्षी नीवार वेचायला लांब जावे लागते, आणि या गणिताचे उत्तर मलाही सापडलेले नाही. महर्षी खोटे बोलत नव्हते, ते खरोखर भयभीत झाले होते. भ्यालेला विद्वान राजाला फार सोयीचा असतो. उभ्या आयुष्यात कोणासाठीही न उघडलेले ते ओठ आता उघडण्याच्या बेतात होते.

कपिंजला हात पुसून बाहेर आली. तिने राजाला अर्घ्य दिले, पतीसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “स्वामी, या अग्नीचा नियम आपणच घालून दिला आहे. अतिथी जेवून स्वमुखाने तृप्त झालो म्हणत नाही, तोवर त्याचे मागणे ऐकायचे नाही. राजा असला म्हणून काय झाले, अतिथी उपाशी आहे.”

नियमापुढे महर्षींचे काही चालत नसे. त्यांनी मान डोलावली. राजाही हसला, वनातले जेवण ते किती असणार, असे त्याला वाटले असावे.

पळसाचे पान मांडले गेले. कपिंजलेने नीवाराचा भात वाढला, कंदमुळे वाढली, मध वाढला. राजाने पान स्वच्छ केले. तिने विचारले, तृप्त झालात? राजा गप्प राहिला. प्रतिज्ञा आड आली होती. कपिंजलेने पुन्हा वाढले, आणि वाढलेले पानात टाकून उठणे म्हणजे न बोलता पुरे म्हणणेच होते. पुरोहित शतधृतीने सवयीने कमरेचा शंख काढला, तेव्हा महर्षींनीच त्याला आवरले, कारण आश्रमात भोजनसमयी शंख वाजत नसे. मग शतधृतीने घसा खाकरून सांगितले की, महाराज तृप्त आहेत. कपिंजला म्हणाली, ज्याने खाल्ले त्याने सांगावे.

आश्रमातली वर्षभराची साठवण संपत आली. ऋषींच्या घरी अतिथी आहे आणि भांडी रिकामी होत आहेत, ही वार्ता खोपट्यांत गेली. मग जे घडले त्याने कपिंजलेला रडू कोसळण्याऐवजी संताप आला. ती माणसे एकेक करून येऊ लागली. कोणी ओंजळभर नीवार आणला, कोणी भाजलेला कंद, कोणी द्रोणात चार बोरे. अतिथी विन्मुख जाऊ नये एवढेच त्यांना ठाऊक होते. आपल्या वंशावर नांगर फिरवायला आलेला अतिथी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कपिंजलेने सांगितले असते, तर त्यांनी तरीही आणले असते, आणि म्हणूनच ती बोलली नाही. ती वाढत राहिली. राजाचे कपाळ घामाने डबडबले, कंबरपट्ट्याची गाठ सुटली, श्वास आखूड झाला. तो खात राहिला, आणि दर घासाला त्याचे डोळे पुरोहिताच्या शंखाकडे वळत होते.

शेवटी कुरंगी आली. जड पावलांनी, एका हाताने भिंतीचा आधार घेत. तिच्या हातात मातीचे बोळके होते. बाळंतपणानंतर अंगावर दूध यावे म्हणून कपिंजलेनेच तिच्यासाठी राखून ठेवलेली ती तांदळाची पेज होती.

कपिंजलेने बोळके हातात घेतले आणि राजाला म्हणाली, “राजन्, ही एका बाळंतिणीची पेज आहे. हिचे गाव तुमच्या सरोवराखाली आहे, हिचे पहिले मूल तुमच्यामुळे वाटेत भुकेने मेले, आणि दुसरे आत्ता तुम्ही महर्षींकडे मागितलेत. मुले किती असावीत, याचा विचार माणसाने करायला हवा, हे मलाही कळते. पण तो विचार ज्या घरात घास वाटून खाल्ला जातो, त्या घराने करावा. ज्याला कधी थांबता आले नाही, त्याने दुसऱ्याच्या गर्भाला थांब म्हणू नये. बोला, वाढू की पुरे?”

राजाने कुरंगीकडे पाहिले. त्याला लाज वाटली नसेल असे मी म्हणणार नाही. पण प्रतिज्ञेचा दर्प लाजेपेक्षा मोठा होता. त्याने मान खाली घातली आणि पान पुढे सरकवले. कपिंजलेने पेज वाढली, आणि त्याने ती भुरकली.

ते पाहून महर्षी मौंजायन आसनावरून उठून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी तोंडे मोजली होती. एका तोंडात किती जाते, हे त्यांनी आज प्रथम पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळू लागली.

आता देण्यासारखे आश्रमात काही उरले नव्हते. कपिंजला आत गेली आणि पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी शिंक्यावर ठेवलेले बियाण्याचे गाडगे घेऊन आली. त्यातले दाणे तसेच कोरडे पानावर ओतायला तिने हात उचलला. त्या क्षणी चक्रवर्ती विपुलाश्वाचे शरीर त्याच्या प्रतिज्ञेला शरण गेले नाही. त्याचा हात आपोआप पानावर आडवा झाला आणि तोंडातून शब्द बाहेर पडला, “पुरे. माते, पुरे.”

“तथास्तु,” महर्षी म्हणाले.

तो शब्द उच्चारताच वेदीतला अग्नी एकदा उंच उसळला आणि आकाशात दुंदुभी वाजल्यासारखा गडगडाट झाला. त्या एका ‘पुरे’वर ब्रह्मदेवाचा वर खर्ची पडला. राजाने मागितलेल्या शापासाठी महर्षींजवळ आता शब्द उरला नव्हता. कुरंगी तिथेच भुईवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. खोपट्यांतली माणसे काही न समजता तिच्याभोवती गोळा झाली.

कपिंजला मात्र तिथे थांबली नाही. तिने गाडगे खाली ठेवले. “अन्नाला पुरे म्हणालात, ते आम्ही ऐकले,” ती राजाला म्हणाली. “आता शीतोदेच्या पाण्याला म्हणा. गजवनाला म्हणा. सुवर्णाला आणि भूमीला म्हणा. एकदा पानावर हात आला आहे, तो उचलू नका.”

विपुलाश्वाने हळूच हात काढून घेतला. त्याने आचमन केले, हात पुसले, आणि दूर दरीच्या टोकाशी सूर्यप्रकाशात चमकणाऱ्या आपल्या सरोवराकडे तो बघत राहिला. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता. बराच वेळ गेला तरी तो काही बोलला नाही. शतधृतीने मुकुट आणून दिला, तो त्याने मस्तकी ठेवला आणि रथात बसून निघून गेला.

मग कपिंजला पतीकडे वळली. तिच्या संतापाचा उरलेला वाटा त्यांचा होता. ती म्हणाली, “केस पांढरे होईपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत, आणि नेमकी आज घाई केलीत. आणखी एक श्वास थांबला असतात, तर मी त्याच्याकडून बाकीचे सगळे वदवून घेतले असते. अर्धाच शब्द अमर केलात.” त्या रात्री महर्षी जेवले नाहीत, आणि तसेही घरात जेवायला काही नव्हते.

पुढे थोड्याच दिवसांत कुरंगीला मुलगी झाली. खोपट्यांतल्या प्रत्येक घराने आपापल्या नीवारातली मूठ बाळंतिणीसाठी पाठवली. ती मुलगी जगली, आणि तिची मुलेही जगली.

महर्षींचा शब्द आजही खोटा झालेला नाही. पंगतीत बसलेला माणूस चक्रवर्ती असो वा चोर, त्याचे पोट भरले की त्याचा हात आपणहून पानावर आडवा होतो आणि तो ‘पुरे’ म्हणतो. दाने कितीही प्रकारची असोत, पण घेणाऱ्याला थांबवणारे दान अन्नाचेच, असे शहाणे म्हणतात ते उगाच नाही. भूमी द्या, पाणी द्या, वने द्या, सोने द्या. तो हात आडवा होत नाही. विपुलाश्व तेव्हा जो गप्प राहिला, तो त्याच्या वंशजांच्या रूपाने अजून गप्पच आहे, आणि त्याचे मंत्री अजून दुसऱ्यांची तोंडे मोजत आहेत. पृथ्वी मागेल त्याच्या पानावर वाढत असते. तिच्या भांड्यात किती उरले आहे, हे तिने कोणाला दाखवलेले नाही.