नऊ तापलेले फाळ

नॉर्वे देशात, एका निळ्याशार खाडीच्या काठी आस्लाक नावाचा पोरका मुलगा जाळी विणून पोट भरीत असे. मरतेसमयी आईने त्याला सांगितले होते, "बाळ, तू राजाचा मुलगा आहेस." पुढे राजाही वारला, तेव्हा आस्लाक राजसभेत गेला.

राणीचा मुलगा हालवार्द हसला. "अंगाला मासळीचा वास, आणि म्हणे माझा भाऊ!"

वृद्ध न्यायाधीश म्हणाले, "रीत ऐक. राजपुत्र म्हणवणाऱ्याने नांगराच्या नऊ तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालावे. मग पाय पट्ट्यांनी बांधू आणि तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडू. जखम स्वच्छ असेल, तर देवाने साक्ष दिली. चिघळली, तर देश सोडावा."

आस्लाक रुपेरी भूर्जवनात प्रार्थनेसाठी गेला. तेथे काट्यांत एक इवलीशी परी अडकली होती. तिचे पंख मोतिया होते, मुकुट दवबिंदूंचा होता. बोटे रक्ताळली, तरी त्याने तिला अलगद सोडवले.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "वेळ येईल तेव्हा मनातच माग. ती एकाच जिवाला लाभेल. पट्ट्या सुटेपर्यंत मात्र कोणाजवळ बोलू नकोस."

सकाळी फाळ लालबुंद झाले.

"चला की, राजपुत्र!" हालवार्दने टोमणा मारला.

"युवराज, मुकुट आपणही मागता," न्यायाधीश म्हणाले. "आधी आपण चालावे."

हालवार्द पांढराफटक पडला. तो अवघा नऊ वर्षांचा होता. "आजोबा, मला भीती वाटते," तो न्यायाधीशांजवळ पुटपुटला.

आस्लाकने डोळे मिटले आणि इच्छा मागितली.

हालवार्द हिरवळीवरून चालावे तसा चालून गेला. मग आस्लाक चालला. प्रत्येक पावलाला कातडी जळाली. तो ओरडला नाही.

"खोटा आहे!" लोक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या सुटल्या. हालवार्दच्या पायांवर डागही नव्हता. आस्लाकच्या जखमा मात्र होत्या. पण स्वच्छ, गुलाबी, भरत आलेल्या.

"दोघेही राजपुत्र," न्यायाधीशांनी निर्णय दिला.

हालवार्द गोंधळला. "मी तर भीतीने देवाचे नावही विसरलो होतो. मग माझे पाय कसे वाचले? तू डोळे मिटून काय मागितलेस?"

"तुझे पाय," आस्लाक म्हणाला.

हालवार्दची मान खाली गेली. मग त्याने आपला खांदा पुढे केला. "चालवत नसेल तुला. माझ्यावर भार टाक, दादा." आणि त्याने त्याला सिंहासनापर्यंत नेले.

इतक्यात सोनेरी, गुलाबी प्रकाश सभेत भरला. त्यात परी उभी होती.

"धाकट्याचे पाय मी राखले," ती म्हणाली. "थोरल्याचे देवाने."

आणि ती प्रकाशात विरून गेली.